न सांगता केलेली दुरुस्ती

शनिवारी सकाळी वानखेडे काका वडनेरहून त्यांचा कीबोर्ड न्यायला आमच्या सेलूच्या दुकानात आले... आणि त्यांनी वाजवायला सुरुवात करताच मी स्क्रूड्रायव्हर पुन्हा हातात घेतला.

कीबोर्ड माझ्यापेक्षा वयाने मोठा. काकांना त्याला मोबाइल जोडून बासरी, सतार असे नवे आवाज हवे होते. त्यासाठी मिडी लागतं, म्हणजे कोणती पट्टी दाबली याची खबर वायरमधून मोबाइलला जाते आणि आवाज मोबाइल काढतो. काकांच्या कीबोर्डला ती सोय नव्हती, म्हणून मी आत एक छोटं सर्किट बसवून मागे सॉकेट दिलं होतं.

सोल्डरिंग मला बाबांनी शिकवलं, पाचवीत असताना. काळजी करणं मी माझं मीच शिकले. सॉकेटसाठी भोक पाडण्याआधी काकांना तीनदा फोन केला होता. चौथ्यांदा काकूंनी उचलला, "पाड व माय एकदाचं!"

तर शनिवारी बासरी छान वाजली... पण तिच्याखाली एक सूर लांबच लांब, पीं... थांबायलाच तयार नाही.

"काय करून ठेवलं व पोरी? उद्या पुतणीचं लग्न हाये, मले वाजवा लागते!" दुसरा कीबोर्ड त्यांच्याकडे नव्हता.

मी कीबोर्ड दोनदा उघडला. सोल्डरिंगचा एकेक टाका तपासला. मी वाजवलं की सगळं ठीक, काका बसले की पीं... माझे डोळे भरून यायला लागले. बाबा चहा पिता पिता म्हणाले, "सर्किट नको पाहू, हात पाह्य त्यायचा."

पाहिला. काकांच्या डाव्या हाताची करंगळी एका पांढऱ्या पट्टीवर आरामात टेकलेली!

"काका, ती पट्टी दाबली जातेय."

"थे तं मेलेली हाये ना! पंधरा वर्षं झाली. बोट टेकवाले बरी पडते."

मेलेली होती. मीच जिवंत केली होती... उघडलाच आहे तर, म्हणून तिच्याखालचा धुळीने माखलेला रबर पुसून ठेवला होता. कुणी सांगितलं नसताना.

काकांनी करंगळी वर धरून वाजवून बघितलं, तर गाणंच विसरले. "एका पायावर उभं राहून जेवल्यासारखं होऊन राह्यलं."

शेवटी त्या धडधाकट पट्टीखाली मी सेलोटेपचा तुकडा लावला, म्हणजे दाबली तरी खबर जाणार नाही. दुरुस्तीच्या दुकानात बसून चालू वस्तू बंद करायची! काकांनी करंगळी टेकवली. पीं नाही. नुसती बासरी.

"आता कशी माही पेटी झाली!"

रविवारी लग्नाचा व्हिडिओ आला. मी नवरा-नवरी पाहिलेच नाहीत. सगळा वेळ फक्त ती करंगळी... गप्प होती बिचारी.

आता कुणी जुना कीबोर्ड घेऊन आलं की मी स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवते. म्हणते, आधी एक गाणं वाजवून दाखवा... आणि हात बघत बसते.