खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

मनवेलपाड्यात तिसऱ्या मजल्यावर आमची दोन खोल्यांची जागा होती. बाहेरच्या खोलीत आम्ही तिघं राहायचो आणि आतल्या खोलीत मुलाचा सर्व्हर राहायचा. त्याला एसी होता, आम्हाला पंखा. ते दिवस लोडशेडिंगचे. वीज गेली की आमचा पंखा थांबायचा, एसीही थांबायचा, पण सर्व्हर पलंगाखालच्या बॅटऱ्यांवर चालू राहायचा. मुलगा टेबलफॅनही बॅटरीलाच जोडून त्याच्या तोंडापुढे ठेवायचा. मी एकदा म्हटलं, जरा माणसांकडेही फिरव. तो म्हणाला, माणसं घामाने बंद पडत नाहीत. मग आम्ही नवराबायको जिन्यात जाऊन बसायचो.

मी आगाशीची, शाळा चौथीपर्यंत. सर्व्हर म्हणजे काय ते मुलानेच सांगितलं, तेही मी पिच्छा पुरवला म्हणून. खोकं एक, पण त्याच्या आत पाच मशीन. खरी नाहीत, पण ज्याचं त्याला खरंच वाटतं. मला ते चाळीसारखं वाटलं. खोल्या वेगळ्या, कुलपं वेगळी, पाया आणि नळ एकच. एका खोलीत बर्फाच्या कारखान्याचं काम चालायचं, दोन खोल्या क्लासवाल्यांच्या, एक बाळंतपणाच्या दवाखान्याची. पाचव्या खोलीत तो सगळ्यांच्या कामाच्या नकला ठेवायचा. कधी एखादा भाडेकरू सगळंच पाणी ओढून घ्यायचा आणि बाकीचे कोरडे पडायचे. मग फोन वाजायचे. मुलगा ताटावरून उठून उष्ट्या हातानेच आत जायचा, तेवढीच खोली बंद करून परत उघडायचा. बाकीच्यांना पत्ता लागायचा नाही. हे काम तो आधी मुंबईच्या कंपनीत करायचा. ते सोडून त्याने स्वतःचं सुरू केलं होतं. मच्छीवाली अर्नाळ्याहून यायची, ती दारात टोपली उतरवून आतला आवाज ऐकायची आणि विचारायची, “काकी, याला पानी-बिनी पाजता की नाय? दिसभर नुसता घुमतोय.”

घर चालायचं ते दवाखान्यावर. डॉक्टरीणबाई स्टेशनजवळच्या, दवाखाना तळमजल्याला. एका पावसात तिथे कमरेएवढं पाणी शिरलं आणि त्यांचे बायकांचे कागद, कॉम्प्युटर, सगळं चिखलात गेलं. तेव्हा मुलाने त्यांना सांगितलं होतं, तुमचं सगळं माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर ठेवा, इथे पाणी येणार नाही. त्यांनी ऐकलं. त्या टिकल्या तर आणखी दोन दवाखाने येणार होते. त्या गेल्या तर परत मुंबईची नोकरी, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

माझे यजमान कारखान्यात फिटर होते. जन्म लेथ मशीनवर गेला. त्यांच्याकडे खंडेनवमीला मशीन धुऊनपुसून, तेल घालून, हळदकुंकू वाहून बंद ठेवायची पद्धत होती. वर्षभर राबलेल्या लोखंडाला एक दिवस कोणी हात लावायचा नाही. साहेबाने ऑर्डरी अडल्या म्हणून कितीही आरडाओरडा केला तरी त्या दिवशी पट्टा फिरायचा नाही. निवृत्त झाल्यावर ते घरातल्या कात्रीची, विळीची, मिक्सरची पूजा करायचे. सर्व्हर आला तसं त्यालाही हार घालायला लागले. पण मुलगा तो बंद करू द्यायचा नाही. चालू मशीनची कसली पूजा, असं म्हणून हे दरवर्षी धुसफुसायचे. मुलगा म्हणायचा, बाबा, तुमचं लेथ नाही हे, हे थांबायला बनलेलंच नाही. यांना ते पटायचं नाही. थांबायला न बनलेलं मशीन त्यांनी बघितलं नव्हतं.

त्या वर्षी गणपतीत ते खोकं ओरडायला लागलं. एकसारखी लांब शिट्टी. आरतीच्या वेळी शेजारचे विचारायला आले, काय लावलंय म्हणून. मुलाने आत जाऊन शिट्टी बंद केली. मी विचारलं तेव्हा म्हणाला, सगळं साठवायच्या तीन डिस्क आहेत, त्यातली एक गेली. दोनवर चालतं. दुसरीही गेली तरच सगळं जातं. नवी आणतो. मग गणपती गेले, पितृपक्ष गेला, नवरात्र बसलं. नवी डिस्क आली नाही. शिट्टी बंद होती, पण खोक्यावर एक नारिंगी दिवा लागलेलाच होता. हे तो दिवा रोज बघायचे. दोनदा यांनी मुलाला विचारलं, दोन्ही वेळा मुलगा म्हणाला, काही नाही ते.

खंडेनवमीला मुलगा वसईला एका कामासाठी गेला. मी भाजी निवडत होते. हे आंघोळ करून, सोवळ्याचा पंचा नेसून आत गेले. थोड्या वेळाने घर एकदम शांत झालं. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो थांबल्यावर मला कानाला दडे बसल्यासारखं वाटलं. आत जाऊन बघितलं तर यांनी बॅटरीचं बटण दाबून धरून सगळंच बंद केलं होतं आणि कोरड्या फडक्याने खोकं पुसत होते. पुसून झाल्यावर हळदकुंकू, झेंडूचा हार, उदबत्ती. मला म्हणाले, “दिवा लागलाय कधीचा. गरम झालंय ते. एक दिवस पडू दे निवांत.”

दुपारी मुलाला दवाखान्यातून फोन गेला, मग बर्फवाल्याचा. मुलगा वसईहून रिक्षा करून आला. आत गेला, हार काढून खाली टाकला आणि बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, आणि खोक्यातून टिक टिक असा आवाज यायला लागला. दाराशी हे उभे होते, हातात नैवेद्याची वाटी. मुलगा बराच वेळ खोक्याला कान लावून बसला. मग मला सांगितलं, वर्षानुवर्षं गरगर फिरणारी डिस्क थंड होऊन थांबली की कधी कधी परत फिरत नाही. आधीची एक मेलेली, आता ही दुसरी.

मी विचारलं, नकला ठेवतोस ना? तो म्हणाला, त्या याच खोक्यात आहेत. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावावं, तसं ते काम होतं. इतका शिकलेला मुलगा, पण माझ्या पोटचा आहे म्हणून मी त्याला शहाणा म्हणणार नाही.

त्याने ती दुसरी डिस्क काढून प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळली आणि माझ्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. कोणी तरी इंटरनेटवर लिहिलं होतं म्हणे, गारठल्यावर लोखंड आखडतं आणि अडकलेलं सुटतं. कप्प्यात बोंबील होते, ते मी बाजूला सरकवले. संध्याकाळी वीज गेली तेव्हा त्याने फ्रीजचं दार कोणालाही उघडू दिलं नाही. वरण-भात केला होता, तो कोणी जेवलं नाही. हे खुर्चीवर पंचा नेसूनच बसून होते. नैवेद्याच्या वाटीला मुंग्या लागल्या तेव्हा मी ती उचलली.

दसऱ्याच्या सकाळी डिस्क खोक्यात घातली आणि ती फिरली. मुलाने सगळ्यात आधी दवाखान्याचं मशीन, म्हणजे त्यांची ती खोली, बाहेर काढायला घेतलं. पडद्यावर एक पट्टी, जितकं बाहेर आलं तितकी, हळूहळू भरत होती. आम्ही दोघं मागे उभे राहून बघत होतो. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली आणि यांनी हात जोडले. मग परत टिक टिक. पट्टी तिथेच राहिली. मुलाने आणखी दोन-तीनदा गोठवून पाहिलं, उलटी धरून पाहिलं, पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहिलं. मी म्हटलं, अर्धं आलं ना, तेवढं तरी दे त्यांना. तो म्हणाला, “अर्धं मशीन म्हणजे काहीच नाही, आई.”

दुपारी डॉक्टरीणबाई स्वतः जिने चढून आल्या. घाम पुसत बसल्या, पाणीही घेतलं नाही. या महिन्यात दिवस भरलेल्या बायकांच्या तारखा, रक्ताचे गट, कोणाला आधी काय त्रास झाला होता, ते सगळं त्यात होतं. पुरात एकदा गेलं होतं, म्हणून तर त्यांनी ते इथे ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, “कसं झालं?”

मुलगा म्हणाला, “बाबांनी पूजेसाठी बंद केला, मॅडम.”

बाईंनी यांच्याकडे बघितलं. यांनी मान खाली घातली. त्या काही तरी समजुतीचं बोलणार होत्या, मला दिसत होतं. म्हाताऱ्या माणसाची चूक, कोण काय करणार. तेवढं होऊन त्या कदाचित राहिल्याही असत्या. मुलगा त्याचीच वाट बघत होता.

मी म्हटलं, “गणपतीत ते खोकं ओरडत होतं, ते का, तेही सांग त्यांना.”

मुलगा म्हणाला, “आई, तू आत जा.”

मी गेले नाही. एक डिस्क आधीच मेली होती, शिट्टी बंद केली होती, नवी आणली नव्हती, आणि नकलाही त्याच खोक्यात होत्या, हे मी माझ्या शब्दांत सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाच विचारलं, “गणपतीपासून?” मी हो म्हटलं. त्या उठल्या. दारात चपला घालताना मला म्हणाल्या, “काकू, हे मला तेव्हाच कोणी सांगितलं असतं तर मी माणसं बसवून सगळं उतरवून घेतलं असतं.” त्या परत आल्या नाहीत. येणारे ते दोन दवाखानेही आले नाहीत. बर्फवाल्याने आणि क्लासवाल्यांनी आपापली सोय बघितली.

मुलगा माझ्याशी बरेच महिने बोलला नाही. ताट वाढलं की जेवायचा. एकदाच म्हणाला, तू गप्प बसली असतीस तर निदान दवाखाना राहिला असता. मी म्हटलं, राहिला असता, बापाच्या डोक्यावर पाय देऊन राहिला असता. तो परत मुंबईच्या कंपनीत लागला, दुसऱ्यांचीच मशीन बघायला. खोकं भंगारवाल्याने नेलं. आतली खोली आमची झाली, एसीसकट. पण तो लावायचं कोणी नाव काढत नसे.

मला वाटलं होतं, मी खरं बोलल्यावर यांच्या मनावरचं उतरेल. मी त्यांना समजावूनही सांगितलं, अहो, ते आधीच मरायला टेकलं होतं, पोराने लपवलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “बटण मीच दाबलं ना?” पुढच्या वर्षी झेंडू आणला नाही. विळी आणि मिक्सर तसेच राहिले.

आणि बटणं सोडली. घरातलं एकही बटण त्यांनी नंतर दाबलं नाही. दिवा नाही, टीव्ही नाही, काही नाही. मी बाजारातून यायची, तर ते बंद पंख्याखाली घामाने निथळत बसलेले असायचे, आणि वीज असायची. मी चपला काढायच्या आधी बटण दाबायची. ते मान वर करून पंख्याकडे बघायचे, तो फिरायला लागेपर्यंत.