गरम हातानं

अमेरिकेतल्या ईरी शहराच्या पूर्वेकडच्या वस्तीत बर्निस सोब्चाकनं चाळीस वर्षं बेकरी चालवली. नाकावर माशी बसू देणारी बाई नव्हे. नवरा गेल्यावर तिनं दुकानाची इमारत विकली आणि सगळा नफा एका फंडात घातला. सरकारनं मागास ठरवलेल्या वस्त्यांत हा फंड घरं बांधायचा. अशा फंडात नफा गुंतवला की त्यावरचा कर काही वर्षं पुढे ढकलला जातो, आणि दहा वर्षं पैसा हलवला नाही तर तिथे जी किंमत वाढेल तिच्यावर कर लागतच नाही. लोक म्हणाले, म्हातारी हुशार. हुशार होतीच, फक्त आपल्या हातात दहा वर्षं आहेत असं तिनं धरून ठेवलं होतं. चौथ्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, वसंत ऋतू दिसला तर नशीब.

तिच्या आईनं शेवटपर्यंत मूठ उघडली नव्हती, आणि आई गेल्यावर भावंडं कोर्टात एकमेकांच्या उरावर बसली. तेव्हापासून बर्निसचं एकच म्हणणं: द्यायचं ते गरम हातानं द्यावं, मेल्यावर गार हातानं नाही. म्हणून तिनं फंडातला हिस्सा मुलीच्या, पॉलीनच्या, नावावर करायच्या कागदावर सही केली आणि तो फंडाकडे पाठवायला तिच्याकडे दिला.

त्यानंतर कागदाचा विषय निघाला की पॉलीन मिठाची गुळणी धरून बसे.

आज नाताळची पूर्वसंध्या. पोलिश रिवाजाप्रमाणे टेबलक्लॉथखाली गवत पसरलेलं, न आलेल्या पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचं. मधोमध पातळ पांढरी पोळी. पहिला तारा दिसल्यावर ती मोडून एकमेकींना दिल्याशिवाय जेवण सुरू होत नाही.

"पहिला तारा दिसला, आई. मोड ना पोळी."

"कागद पाठवलास?"

"सूप आटतंय तिकडे."

"आटू दे. मी कागदाचं विचारलं." बर्निसनं पोळी उचलून स्वतःजवळ ठेवली. तिला राग आला होता, आणि रागापेक्षा भीती जास्त होती. पोरगी आपलं देणं नाकारतेय की काय? तसं असेल तर विचारायला तरी किती दिवस उरलेत?

पॉलीननं पर्समधून कागदाचं पाकीट काढलं. जसंच्या तसं होतं.

"वर्देक्याला दाखवला," ती म्हणाली. वर्देक्या त्यांच्या घरचे कर भरून द्यायचा. "तो म्हणाला, अजिबात पाठवू नका. बक्षीस दिलं की पुढे ढकललेला कर लगेच तुझ्या डोक्यावर बसतो. वर दहा वर्षांची सूटही गेली. ही चार वर्षं पाण्यात."

"मग करायचं काय म्हणे?"

"काही नाही. तुझ्याच नावावर राहू दे म्हणाला."

"आणि?"

पॉलीन टेबलक्लॉथ सारखा करू लागली.

"पॉलीन, आणि काय?"

"तुझ्यामागं माझ्याकडे आलं तर ही वर्षं धरली जातात. सूट टिकते."

"असं होय. दिलं तर तोटा, मेले तर फायदा."

"आई, असं नको ना बोलूस."

"मी कुठं बोलतेय? सरकार बोलतंय."

"तुला सांगणार कसं मी?" पॉलीननं पाकीट टेबलावर टाकलं. "रोज तुझी औषधं घेऊन येते आणि डोक्यात हेच. सांगितलं तर वाटेल, पोरगी वाट बघतेय."

इतकं ओझं पोरीनं एकटीनं वाहिलं, याचं बर्निसला फार वाईट वाटलं. मग तिनं पाकीट उघडलं आणि कागद फाडून टेबलाच्या कडेला ठेवला.

"सण झाला की वकिलाला बोलाव. मृत्युपत्रात नीट लिहून टाकू. कोर्टाची पायरी चढायची नाही कुणी."

पॉलीननं मान हलवली.

बर्निसनं पोळी मोडली. अर्धा तुकडा मुलीच्या तळव्यावर ठेवून तिची बोटं आपल्या हातांनी मिटली. पोरीची बोटं बर्फासारखी होती.

"बघ," ती म्हणाली, "अजून माझेच हात गरम आहेत."