शिरीनची हळद

मंडळी, संक्रांत असली तरी आज माझ्याच्याने गोड बोलणं होणार नाही. जपानमधल्या आपल्या या मराठी मेल-ग्रुपवर सगळ्यांनी वाचावं म्हणूनच लिहितेय.

दुपारी इचिकावाला सुमनकाकूंकडे हळदीकुंकू होतं. माझी इराणी शेजारीण शिरीन सोबत आली. आम्ही सगळ्या सर्दीने बेजार, म्हणून तिने थर्मास भरून गरम हळदीचं दूध आणलेलं. तिच्या आईच्या पद्धतीचं, केशर आणि गुलाबपाणी घातलेलं. बायकांनी मागून मागून प्यायलं.

मग काकूंनी मला विचारलं, "हिचे मिस्टर कुठे असतात?"

"वारले."

हळदीची वाटी तिच्यासमोरून पुढे गेली. शिरीन कपाळ पुढे करून बसली होती. काकू जपानीत म्हणाल्या, "शिरीनसान, हळद संपली हो." वाटी भरलेली होती! मी तिला घेऊन तडक उठले, पण ट्रेनमध्ये खरं कारण सांगायला जीभ रेटली नाही.

आत्ता तिने बेल वाजवली. हातात हळदीची मोठी पुडी. "काकूंना दे. पुढच्या वर्षी कमी पडायला नको."

काकू, तुम्ही हे वाचत असालच. पुडी मी पोचवणार नाही. शिरीन माझ्या शेजारच्याच दारात राहते. तिच्या हातून घ्यायला कधी येताय?