माशांच्या टाकीवरचा फ्लडलाइट

मी वीज केंद्रात नोकरीला आहे आणि मला बल्ब विकत घेता येत नाही. ऊर्जानगरच्या आमच्या वसाहतीत या दोन्ही गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत. पहिलीचा पुरावा माझ्या गळ्यातलं ओळखपत्र. दुसरीचा पुरावा आमची माशांची टाकी.

टाकी वनिताची, म्हणजे माझ्या बायकोची. मासे चंद्रपूरच्या बाजारातले, पण आतली झाडं थेट तिच्या माहेरची. आरमोरीला सासऱ्यांच्या धानाच्या शेताला लागून एक बोडी आहे, म्हणजे लहानसं तळं. त्यातली पाण्याखाली वाढणारी झाडं सासऱ्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून आणली होती. लोक लेकीसाठी साडी आणतात, तुम्ही चिखल आणला, असं मी तेव्हा म्हणालो होतो. (त्यानंतर बरेच दिवस मला चहा निवलेला मिळत होता.)

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी वनिताचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, यांना रोज थोडं तरी चालवा, नुसत्या पडून राहिल्या तर त्रास वाढेल. वनिता घरी आली ती भिंतीकडे तोंड करून निजली. मी हात दिला, खुर्ची दिली, शेवटी हात जोडले. शेजारच्या मेश्रामबाईंनी दोन्ही वेळचा डबा सुरू केला, डब्यासोबत समजूतही रोज घातली. वनिता उठेना. न्हाणीघरापर्यंत धरून न्यायचं, धरून आणायचं, की पुन्हा भिंत. बोलणंही बंद झालं. आमच्या घरात बोलण्याचं खातं पूर्वीपासून तिच्याकडे आहे, त्यामुळे घर एकदम मुकं झालं आणि मी मनातून खरोखर घाबरलो.

तेव्हा मला कल्पना सुचली. (या वाक्याला आमच्या घरात धोक्याची सूचना समजतात.) स्वयंपाकघरातली टाकी तिच्या पलंगासमोर ठेवली तर? ती निदान भिंतीकडून तोंड फिरवेल! मेश्राम भाऊ कोळसा विभागातले, वजन उचलायला कधी नाही म्हणत नाहीत. आम्ही दोघांनी अर्धं पाणी काढलं, अर्धं घरभर सांडलं आणि टाकी खोलीत आणून मांडली. वनितानं मान वळवली. मला वाटलं, जिंकलो.

आठवड्याभरात झाडं पिवळी पडायला लागली. पानं गळून वर तरंगू लागली. त्या दिवशी वनिता पहिल्यांदा काहीतरी बोलली.

"बाबानं आणलेली झाडं मरून राह्यली जी," ती म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

आता झाडं जगवणं भाग होतं. खोली अंधारी आहे, तेव्हा उजेड कमी पडतोय, एवढं माझ्यासारख्या तज्ज्ञाच्याही लक्षात आलं. मी रहीमभाईंच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. रहीमभाईंनी मोठ्या उत्साहानं रंग बदलणारा बल्ब काढून दिला. त्यात झाडांचं काय होईल हे त्यांनी सांगितलं नाही, पण मासे एकदम हिरो दिसतील याची खात्री दिली. मासे दिसलेही. खोलीत लाल, निळा, जांभळा उजेड आळीपाळीनं फिरू लागला आणि वनितानं डोक्यावरून चादर ओढून घेतली. झाडं होती त्याहून पिवळी झाली.

मेश्राम भाऊंनी मग मूळ मुद्द्यावर बोट ठेवलं. सूर्य पिवळा असतो, तर बल्ब पिवळाच पाहिजे. पिवळा लावला. मासे हळद लावून तव्याची वाट बघत असल्यासारखे दिसायला लागले. झाडांवर तपकिरी बुरशी चढली.

तेव्हा मात्र माझ्यातला वीज केंद्रवाला जागा झाला. आम्हा लोकांना एकच हिशेब कळतो: कमी पडतंय तर जास्त सोडा. मी रहीमभाईंना दुकानातला सगळ्यात मोठा लाइट मागितला. त्यांनी तीनदा विचारलं की मासे नक्की घरातच आहेत ना. मग त्यांनी क्रिकेटच्या मैदानावर लावतात तसला फ्लडलाइट काढून दिला. तो मी कपडे वाळत घालायच्या दोरीनं पंख्याच्या हुकाला बांधला आणि चालू केला, तो बंद केलाच नाही. जास्त वेळ उजेड म्हणजे जास्त वाढ!

वाढ झाली. शेवाळाची. चार-सहा दिवसांत पाणी पालकाच्या भाजीसारखं झालं. मासे आत आहेत की नाहीत, हे टाकीला कान लावून ठरवायची वेळ आली. खिडकीतून उजेडाचा झोत बाहेर अंगणात पडायचा. संध्याकाळी त्या उजेडात बायका भाजी निवडायला जमू लागल्या, पोरं गोट्या खेळू लागली. वसाहतीच्या मागे जंगल आहे, तिकडून अधूनमधून बिबट्या येतो, म्हणून गेटवरच्या चौकीदारानं मला खास येऊन सांगितलं, "भाऊ, हा लाइट काढू नका जी. चांगलं काम करून राह्यले तुमी." इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या विजेचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

बिबट्या आला नाही, पण जंगलातले यच्चयावत किडे आले. एका संध्याकाळी टाकीच्या पाण्यावर किड्यांचा थर साचला. मी चहाच्या गाळणीनं तो काढत होतो. मेश्राम भाऊंनी खाली वाकून टाकीचा तळ तपासला आणि निदान केलं, की उजेड वरूनच पडतोय, खालच्या झाडांपर्यंत पोचत नाही. आणखी एक फ्लडलाइट बाजूनं लावायला हवा. मला पटलं! त्यांच्या घरी गणपतीचा एक होताच. तो त्यांनी धरला, मी दोरी आवळत होतो, आणि अचानक सगळा अंधार झाला.

वीज गेली म्हणावं, तर बाहेर दिवे होते. वळून पाहिलं. बटणापाशी वनिता उभी होती. एक हात भिंतीला, एक हात पोटाला.

"बस करा आता," ती म्हणाली. "सयपाकघरात टाकी होती, तेव्हा तिच्यावर कोणता लाइट होता?"

मी मेश्राम भाऊंकडे पाहिलं. त्यांनी हातातल्या लाइटकडे पाहिलं. ज्या स्वयंपाकघरात मी रोज दोन वेळा जेवतो, तिथे काय जळतं हे मला खरंच आठवेना.

"साधी पांढरी ट्यूब. मी सयपाक करू तवरी चालू, मी बाहेर आली का बंद. झाडायलेबी झोप लागते न जी! या इकडं, दाखवतो," म्हणत ती भिंत धरून निघाली. खोलीतून ओसरीत, ओसरीतून स्वयंपाकघरात. आम्ही दोघे मागून, हातात फ्लडलाइट आणि गाळणी. ओट्याला टेकून तिनं ट्यूबकडे बोट दाखवलं, मग आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहिलं, आणि टाके धरून हसायला लागली. "हसवू नका, दुखते," म्हणत हसत राहिली. ती चालत आली आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मला रडू आलं. मेश्राम भाऊंसमोर आलं, तरी मी लपवलं नाही.

टाकी पुन्हा स्वयंपाकघरात गेली. पाणी बदललं, ट्यूब वेळेवर लावायची, वेळेवर बंद करायची. झाडं बघायला वनिता दिवसातून किती वेळा तरी उठून जायची. आरमोरीच्या झाडांना नवी पानं फुटली. मेश्रामबाईंचा डबा, मेश्राम भाऊंचे खांदे, फ्लडलाइट हसत परत घेणारे रहीमभाई, या सगळ्यांचे उपकार मी विसरणार नाही. सगळ्यात मोठे उपकार त्या झाडांचे, कारण त्यांनी माझ्या हातून इतकं सोसूनही जीव सोडला नाही.

पुढच्या तपासणीला आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टर वॉर्डात फेरीवर होते. वनिताला ताठ चालत येताना पाहून ते थांबले. घरी असा काय उपाय केलात म्हणून त्यांनी मला विचारलं. मी छाती फुगवून तोंड उघडणार, तोवर वनितानं रंगीत बल्बापासून सगळं सांगून टाकलं. आसपासच्या खाटा हसल्या, नर्स हसल्या. मग डॉक्टर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून निजलेल्या एका बाईंकडे बोट दाखवून म्हणाले, "या पण उठायचं नाव घेत नाहीत. तुमच्या मिस्टरांना दोन दिवस यांच्या घरी पाठवता का?"

"न्या न जी," वनिता म्हणाली. "फक्त बल्ब आमच्या यायलेच निवडू द्या."