मोरूदादाच्या मागच्या बाजू

ज्या गाण्यावर तबकडी काढणाऱ्या कंपनीनं स्वतःच भरवसा ठेवला नाही, ते गाणं तुम्ही कधी मुद्दाम ऐकलं आहे का? माझ्या चुलतभावानं, मोरूदादानं, तेच ऐकलं. गेल्या महिन्यात दुर्गच्या दवाखान्यातून तो गेल्याचा निरोप आला. कावीळ होती, आम्ही तो रविवारी घरी येईल म्हणून बसलो होतो... तेरवी झाल्यावर काकूनं, त्याच्या आईनं, एकच मागितलं, "त्याची ते कॅसेट लाव. मले आवाज आयकायचा हाये त्याचा." कॅसेट घरात नव्हती. फोटो आहेत, आवाज कुठंच नाही.

ती कॅसेट एका विलायती बँडची. चमचमते कपडे, उंच टाचांचे बूट, डोळ्यांत काजळ घातलेले पुरुष. त्यांच्या छोट्या तबकड्या मुंबईचा एक मित्र जुन्या बाजारातून धाडायचा. पुढच्या बाजूला गाजलेलं गाणं, मागच्या बाजूला कुणी न विचारलेलं. दादानं फक्त मागची गाणी निवडून एका कॅसेटवर घेतली. मी पत्रकं वाचत आणि वाटत वाढलेली, भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या गेटवर ठेक्यावरच्या मजुरांसाठी घोषणा देणारी. मला तो चमचमाट म्हणजे भरल्या पोटाचे चाळे वाटायचे. "यानं कोणाची मजुरी वाढली, दादा?" "तुह्या पत्रकानं तरी कोणाची वाढली वं?" तो हसायचा. मग एकदा हसणं थांबवून म्हणाला, "पुढं कोणाले ठेवायचं अन् मांगं कोणाले, हे मालकच ठरवते न? मंग मांगच्याले आयकनं तुह्या कामात कावून नाही बसत?" त्याचं उत्तर आता सुचलं तरी सांगू कुणाला...

तबकडीवरून कॅसेटवर थेट घ्यायची सोय आमच्याकडे नव्हती. प्लेयरच्या स्पीकरसमोर स्टूल, स्टुलावर टेपरेकॉर्डर. दुसरा कुठला आवाज कॅसेटवर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद, कुकर बंद, भर मे महिन्यात पंखाही बंद. "लोखंड वितळवाले तिकडं भट्टी हाये न रे बाप्पा, मले कावून वितळवून राहिला?" काकू कुजबुजायची, आणि तेही कॅसेटवर जायचं. कुणी प्रत मागितली की दादा सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचा. प्रत्येक गाण्याआधी रेडिओवाल्यासारखा, पण आपल्या बोलीत बोलायचा. शेवटी स्वतःचीही प्रत कुणाला तरी देऊन टाकली.

त्या प्रती शोधत मी सायकलवर हुडको वसाहत पालथी घातली, दुर्गला गेले. बहुतेकांनी त्या कॅसेटवर भजनं भरली होती, सिनेमाची गाणी भरली होती. राग कुणावर काढायचा? कोरी कॅसेट आमच्या घरांत कुठं परवडते? भिलाई-३ला एका रेल्वेवाल्या कुटुंबाकडे मिळाली, तिच्यावरही लग्नातली गाणी भरलेली. घरी आणून काकूला तीच ऐकवली. गाणी संपली, मी बटणाकडे हात नेला आणि सरसर आवाजातून दादा म्हणाला, "आई, पंखा बंद कर न वं, सुरू करून राहिलो..." पुढं काही नाही, टेप तिथंच संपली. काकू उठली आणि तिनं पंखा बंद केला. मग तशीच, बटणावर हात ठेवून उभी राहिली.

म्हणून वाचकहो, मोरूदादाची कॅसेट तुमच्याकडे असेल तर तिच्यावर आता काही भरू नका. भरलं असेल तर तुमची गाणी संपल्यावरही ती चालू राहू द्या, दोन्ही बाजूंनी, शेवटपर्यंत. त्याचा एक शब्द जरी सापडला तरी या पुरवणीच्या कचेरीत निरोप ठेवा. मी येईन, काकूला घेऊन येईन. तुमच्याच घरी बसून ऐकू.