आखरावरचे कंदील

मुलांनो, मी तुम्हा दोघांना एका फुलाचा फोटो पाठवला होता आणि उत्तरादाखल दोघांकडून एकेक अंगठा आला. त्या अंगठ्यांवर माझं समाधान झालेलं नाही. पण तेव्हा मीही जास्त काही लिहिलं नव्हतं, कारण ते फूल गावात राहणार की जाणार हेच ठरलं नव्हतं. काल सकाळी ते ठरलं. आजच लिहिते, नाहीतर यातली अर्धी गंमत निवून जाईल.

गावाबाहेर गुरं गोळा होतात तो आखर तुम्हाला आठवत असेल. खाली तुडवलेली माती, वर मुरमाड उतार आणि त्यावर गवत. श्रावण लागल्यावर एके दिवशी मी तिथून येत होते. गवतात गवतासारखीच बारीक अशी एक वेल दिसली आणि तिला चिकटलेला बोटाच्या पेराएवढा कंदील! खाली फुगीर, मध्ये बारीक नळी, वर पाच पाकळ्या टोकाशी जुळून झालेला पिंजरा. मी चष्मा पुसला आणि सरळ चिखलात गुडघे टेकले. एक चिलट त्या नळीत शिरलं आणि बाहेर येईना. मी वाट पाहत राहिले. वाटेने जाणाऱ्या एका बाईने विचारलं, "बाई, काई हारपलं का जी?" मी म्हटलं, "नाही, सापडलं!"

तुमच्या आजोबांच्या ओळखीतून भंडाऱ्याच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या एक प्राध्यापिका आल्या. त्याही चिखलात बसल्या. मग म्हणाल्या, "मावशी, मला वाटलं होतं तुम्ही उगाच बोलावताय." हे कंदीलपुष्प. नळीत आतल्या बाजूने खाली वळलेले केस असतात, म्हणून चिलटाला आत जाता येतं, परतता येत नाही. फूल मलूल झालं की केस सुकतात आणि पाहुणा पराग घेऊन सुटतो. जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण इतकी नेटकी रचना मी कुठल्या वाक्यात पाहिली नाही.

मग त्यांनी दर्जाची गोष्ट काढली. जगभरच्या वनस्पतींची यादी करून त्यांना असे दर्जे देतात: कुणाला धोका नाही, कुणी धोक्याच्या जवळ, कुणी असुरक्षित. त्यापुढे संकटग्रस्त. आपली ही जात संकटग्रस्त.

"त्याच्यापुढे काय?" मी विचारलं.

"अतिसंकटग्रस्त. त्यानंतर रानातून नाहीशी."

"मग आता सरकार राखेल ना?"

"यादी सांगते, मावशी. राखायला माणसं लागतात."

हिचा कंद लोक खणून खातात, हे एक कारण. दुसरं मला नवीन होतं. हिला मोकळं ऊन लागतं. गुरांनी चरून गवत आखूड ठेवलं तर ही जगते, वर झाडांची सावली आली की संपते. आणि पंचायतीने तर याच उतारावर वृक्षलागवड करायचं ठरवलं होतं. गवताची जागा म्हणजे रिकामी जागा, असाच सगळ्यांचा हिशेब. मी सरपंचबाईंना सांगायला दोनदा गेले, दोन्ही वेळा त्या साकोलीला गेलेल्या. तोवर निदान कुणाचा पाय पडू नये म्हणून तुमच्या आजोबांनी आणि मी उतारावरच्या पंधराही वेलींपाशी एकेक बांबूची काडी रोवली आणि तिला लाल चिंधी बांधली.

काल सकाळी आखराकडून कुदळींचा आवाज आला. मी चहा तसाच सोडून धावले. हो, धावले. तुमचे आजोबा साक्षीदार आहेत. बघते तर मजूर बाया बरोबर माझ्या काड्यांपाशी खणत होत्या!

"अवो, थांबा! तिथे नका खणू!"

"कायले जी? तुमीच तं काड्या गाडल्या. आमी म्हटलं, बाईनं खड्ड्याच्या खुणा करून देल्या, आपलं काम हलकं झालं."

दोन खड्डे झाले होते. एक कंद मातीत पडला होता. दुसरा कुठे म्हणून पाहिलं, तर एक म्हातारी काहीतरी चावत होती. "गोड हाये," ती म्हणाली. "लाहानपनी लय खाल्ले. आता दिसतच नाही कोठी." मला रडावं की हसावं कळेना.

तेवढ्यात सरपंचबाई आल्या. माझ्याच विद्यार्थिनी. मी एका दमात सगळं सांगितलं: संकटग्रस्त, यादी, ऊन, सावली. मागून एक मजूर बाई म्हणाली, "संकटात तं आमीबी हावो. आमची यादी कोन करते?" सगळ्या खो खो हसल्या.

"बाई," सरपंच हळूच म्हणाल्या, "एवढ्याशा वेलीसाठी झाडं लावू नका म्हणता? लोक मले हासतीन."

यादीने भागत नाही हे माझ्या ध्यानात आलं. मी उताराकडे हात केला. "बरं. पोळ्याला तोरण कुठे बांधशील? बैलांची रांग या उतारापर्यंत येते. त्यांना खड्ड्यात उभे करशील की रोपांना बांधशील?"

कुदळी थांबल्या. ती कंदवाली म्हातारीच आधी बोलली. "बैलाचा पाय मोडला तं कोन भरून देईन? पोळा काई रोडवर भरवाचा हाये?" मग सगळ्याच बोलू लागल्या. पोळा पंधरवड्यावर आला आहे, आणि आखर सोडून तो दुसरीकडे भरल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

सरपंचबाईंनी तिथूनच पंचायतीत फोन लावला. रोपं आता तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर लागणार. खणणाऱ्या बायांनीच खड्डे बुजवले, आणि निघताना एकीने काडीवरची चिंधी घट्ट बांधून दिली. "फुलाले कोनाची नजर नोको लागाले," म्हणाली.

पडलेला कंद मी परत पुरला आहे. तो धरेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही, म्हणून त्याला मोजत नाही. आज सकाळी पाहून आले. उतारावर गवत आहे, एकही रोप लागलेलं नाही, आणि कंदीलपुष्पाच्या तेरा वेली जिवंत आहेत.