थंड म्हणजे चांगलं

पासष्ट-सहासष्टचा मे महिना. नागपुरातल्या एका दवाखान्यात मी नर्स होते आणि आपल्याला सगळं कळतं, अशी माझी समजूत होती.

सावनेरकडचा एक खाणकामगार हर्नियाच्या ऑपरेशनला आला आणि टेबलावरच त्याचं हृदय थांबलं. छाती दाबून दाबून डॉक्टरांनी ते चालू केलं, पण माणूस शुद्धीवर येईना. मोठे डॉक्टर म्हणाले, अंग बर्फाने थंड ठेवा, मेंदू वाचेल. मी बाहेर जाऊन त्याच्या बायकोला सांगितलं, त्यांना थंड केलंय. तिने जो हंबरडा फोडला! आमच्याकडे माणूस थंड झाला म्हणजे गेलाच. अर्धा तास तिला समजावलं, की बाई, इथे थंड म्हणजे चांगलं आणि गरम म्हणजे वाईट. तिने ते पक्कं धरलं. मग मी दिसले की तिचा एकच प्रश्न, थंड हाय ना? मी म्हणायचे, आहे.

बर्फही तीच पुरवायची. तिचा भाऊ सायकलवरून पोत्यात गुंडाळलेली लादी आणायचा. ती व्हरांड्यात बसून बत्त्याने फोडायची आणि बादली भरून मला द्यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, "बर्फ लवकर सरून राहिला, बाई. त्यायच्या अंगात ताप हाय."

मी तिला तापमानाचा तक्ता दाखवला. डॉक्टरांनी सांगितलेले नव्वद अंश फॅरनहाइट, सरळ रेघ, माझ्या हातची. म्हटलं, नागपूरचा मे आहे, बर्फ काहून टिकेल? तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं आणि त्या रेघेचा अभिमानही होता. ती सरळ राहावी म्हणून कालच्या एका बादलीच्या जागी आज तीन लागत होत्या, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी घशातून पिवळा कफ निघाला. न्यूमोनिया. दोन्ही फुप्फुसं भरली होती आणि ताप बर्फाखाली झाकला गेला होता. कधीपासून, असं मोठ्या डॉक्टरांनी विचारलं. मी तक्ता पुढे केला. तक्त्यात ताप नव्हताच. पेनिसिलिन सुरू झालं. संध्याकाळी तो गेला.

सांगायला मलाच पाठवलं. ती बर्फ फोडत होती. मला लाज वाटत होती आणि नेमका तोच शब्द बाहेर आला.

"ते थंड झाले."

"बरं झालं, बाई," ती म्हणाली आणि भरलेली बादली माझ्यापुढे धरली.

मी ती घेतली.